दुसरा पियानो कोण वाजवतंय?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. माझे बाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. खडकीच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. गाणं शिकलेले नव्हते, पण रविवारी सकाळी अंघोळ झाली की एक इंग्रजी रेकॉर्ड लावायचे आणि ती संपेपर्यंत पेपर उघडायचे नाहीत. ती रेकॉर्ड परवा कपाटात सापडली. वर लिहिलंय, ‘रॉनी ऑल्ड्रिच अँड हिज टू पियानोज’. पियानो दोन, पण नाव एकाचंच. कव्हरवर, आत, लेबलवर सगळीकडे शोधलं, दुसऱ्या वादकाचं नाव कुठेच नाही. बाबांचा झाकणात स्पीकर असलेला पेटीसारखा प्लेअर केव्हाच भंगारात गेला, म्हणून जुन्या बाजारातून एक दुरुस्त केलेला आणला आणि दोन स्पीकर जोडले. डावीकडे पियानो छान वाजतो, उजवीकडे नुसती खरखर. भाऊ म्हणतो, हे लिफ्टमध्ये वाजतं तसलं संगीत, कुणाला तरी देऊन टाक. बाबा एवढी वर्षं ते का ऐकत असतील? आणि तो दुसरा पियानोवाला कोण?
– एक वाचिका, सहकारनगर

उत्तर : ताई, आधी देऊन टाकू नका. बाकीचं सावकाश बोलू.

दुसरं नाव तुम्हाला सापडणार नाही, कारण दुसरा माणूस नव्हताच. दोन्ही पियानो रॉनी ऑल्ड्रिच यांनीच वाजवलेत. आधी एक पियानो टेपवर घ्यायचा, मग तो कानात ऐकत ऐकत दुसरा वाजवायचा आणि दोन्ही एकत्र करताना एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवायचा. आज मोबाइलवर कुणीही हे करतं, पण १९६१ साली हे मोठं काम होतं. इंग्लंडच्या डेक्का कंपनीने त्या वर्षी ‘फेज फोर स्टिरिओ’ नावाची मालिका काढली. त्यासाठी वेगवेगळे आवाज एकत्र करणारं खास दहा चॅनेलचं मिक्सिंग कन्सोल वापरलं, पुढे ते वीस चॅनेलचं झालं. डेक्काचं म्हणणं होतं की स्टिरिओचे आधी तीन टप्पे झाले : नुसता सभागृहाचा आभास, मग डावं-उजवं वेगळं करणं, मग आवाज इकडून तिकडे फिरवणं. चौथ्या टप्प्यात संगीत मुळातच स्टिरिओसाठी लिहायचं. कुठलं वाद्य कुठून येणार हे अरेंजरने, म्हणजे वाद्यांसाठी धून लिहून देणाऱ्याने, कागदावरच ठरवायचं. ऑल्ड्रिच यांची दोन पियानोंची पहिली रेकॉर्ड या मालिकेच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डपैकी होती. ती चालली, आणि मग ‘टू पियानोज’ हीच त्यांची ओळख झाली.

आता तुमच्या उजव्या स्पीकरकडे येते, कारण तो दुरुस्त झाल्याशिवाय माझं पुढचं सगळं बोलणं तुम्हाला अर्धंच कळेल.

रेकॉर्डची खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी असते. स्टिरिओत तिच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरलेले असतात. तबकडीच्या मधल्या बाजूच्या भिंतीवर डावा, बाहेरच्या भिंतीवर उजवा. ही कल्पना ॲलन ब्लूमलीन या इंग्रज इंजिनिअरची. तिचं पेटंट १९३१चं, पण घराघरांत स्टिरिओ रेकॉर्ड यायला १९५८ उजाडलं. म्हणजे तुमच्या हातातल्या तबकडीत एकाच खाचेच्या दोन भिंतींवर एकच माणूस समोरासमोर बसलाय. मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते. तुमची पिन त्या दोघांच्या मधून चालते.

खरखरीचा दोष कुठे आहे ते असं शोधा. प्लेअर बंद करून ॲम्प्लिफायरच्या मागे दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. खरखर उजव्याच स्पीकरमध्ये राहिली तर स्पीकर किंवा त्याची वायर खराब आहे. खरखर डावीकडे गेली तर दोष मागे कुठेतरी आहे. मग दुसरी एखादी स्टिरिओ रेकॉर्ड लावून पाहा. ती दोन्हीकडून स्वच्छ वाजली तर दुर्दैवाने तुमच्या रेकॉर्डची बाहेरची भिंत झिजलेली. पण मला तसं वाटत नाही. नुसती खरखर आणि पियानो अजिबात नाही म्हणजे बहुतेक वायर सुटलेली असणार. पिन बसवतात त्या डोक्यात मागे चार बारीक वायरी असतात. पांढरी आणि निळी डावीकडच्या आवाजाची, लाल आणि हिरवी उजवीकडची. लाल किंवा हिरवीचं टोक सैल झालं असेल, गंजलंही असेल. जुन्या बाजारातल्या प्लेअरमध्ये हे हमखास निघतं. चिमट्याने अलगद काढून, टोक पुसून परत बसवायचं. हात थरथरत असेल तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, दहा मिनिटांचं काम आहे.

आता तुमच्या बाबांविषयी. त्यांच्या पेटीत एकच स्पीकर होता, म्हणजे दोन्ही पियानो एकाच जाळीतून एकत्र येत होते. ऑल्ड्रिच यांनी इतक्या काळजीने दूर दूर ठेवलेले ते दोन आवाज बाबांनी कधी वेगळे ऐकलेच नसणार. तुमची वायर जोडली गेली की तुम्ही ते या घरात पहिल्यांदा ऐकाल.

आणि भावाला माझा निरोप द्या. मी नाना पेठेत एक्केचाळीस वर्षं पियानो शिकवला. शिकवणी नीट सुरू होण्याआधी, सत्तरच्या दशकात, तीन वर्षं स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या जेवणघरात संध्याकाळी सात ते दहा वाजवत होते. लोक बोलत, हसत, ताटं वाजत. कुणी वळून बघत नसे. एकदा मधल्या सप्तकातली एक तार तुटली म्हणून मी थांबले. मिनिटभरात अख्ख्या खोलीचा आवाज बदलला. लोक खाली मान घालून कुजबुजायला लागले, एक कुटुंब बिल मागून उठलं. मॅनेजर धावत आले, म्हणाले, काहीही वाजवा, पण वाजवा. त्या दिवसापासून ‘मागे वाजणारं संगीत’ हा शब्द मी तुच्छतेने कधी उच्चारला नाही.

ऑल्ड्रिच यांची सगळी कारकीर्दच लोकांच्या कुठल्या ना कुठल्या कामाच्या मागे वाजण्यात गेली. जन्म १५ फेब्रुवारी १९१६, केंट परगण्यातल्या एरिथ गावचा. पियानो लहानपणापासून. शाळा फोकस्टोनला, आणि लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये व्हायोलिनचं शिक्षण. हे व्हायोलिन लक्षात ठेवा. त्यांच्या रेकॉर्डमध्ये पियानोच्या मागे व्हायोलिनचा ताफा लांब श्वास घेतो, तो तार स्वतःच्या बोटांनी दाबून पाहिलेल्या माणसाने लिहिलाय असं मला नेहमी वाटतं.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश हवाई दलाने आपला एक डान्स बँड उभा केला. लोक त्याला ‘स्क्वाड्रनेअर्स’ म्हणू लागले. त्यात लंडनच्या उत्तमोत्तम बँडमधले वादक गणवेशात आले. ट्रॉम्बोनवर जॉर्ज चिझम, ट्रम्पेटवर टॉमी मॅक्वॉटर, पियानोवर ऑल्ड्रिच. विमानतळांवर, छावण्यांत आणि रेडिओवर ते वाजवत. ज्यांना सकाळी परत उड्डाण करायचंय अशा पोरांना नाचवायचं, हे काम. नाचासाठी वाजवणं म्हणजे काय हे आपल्याकडे लेझीमच्या ढोलकऱ्याला विचारा. लय केसभर सरकली तर पाय चुकतात, आणि पाय चुकले की दोष वाजवणाऱ्याचा. तिथे कुणी ‘वा’ म्हणत नाही. पाय चालू राहिले, हीच दाद.

युद्ध संपल्यावरही बँड फुटला नाही. सगळ्यांनी मिळून तो भागीदारीत चालवला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ऑल्ड्रिच त्याचे प्रमुख झाले. अरेंजमेंट तेच लिहीत, पियानो तेच वाजवत. उन्हाळ्यात मुक्काम आइल ऑफ मॅन बेटावर, डग्लस गावच्या पॅलेस बॉलरूममध्ये. गिरण्या-कारखान्यांतली माणसं सुटीला तिथे यायची आणि रात्री नाचायची. त्या बँडमध्ये क्लिफ टाउन्शेंड नावाचे सॅक्सोफोनवादक होते. त्यांचा छोटा मुलगा त्यांच्याबरोबर बेटावर यायचा. तो पीट टाउन्शेंड. पुढे ‘द हू’ या रॉक बँडमध्ये त्याने गिटारी वाजवल्या आणि फोडल्याही. आणि याच नव्या गिटारींच्या लाटेत मोठ्या डान्स बँडचे दिवस भरले. पंधरा माणसांचा ताफा फिरवण्याऐवजी चार पोरं आणि एक ॲम्प्लिफायर परवडायला लागला. १९६४ मध्ये स्क्वाड्रनेअर्स बंद झाला. पुत्राच्या पिढीने पित्याची नोकरी घालवली असं कुणी म्हणेल. मला ते बेटावरचं पोरगं बापाच्या बँडसमोर बसून सगळं ऐकताना दिसतं, म्हणून राग येत नाही.

ऑल्ड्रिच यांच्याकडे तेव्हा डेक्काच्या रेकॉर्डचं काम होतंच. पुढे टेलिव्हिजन आलं. थेम्स टेलिव्हिजनवरच्या बेनी हिल यांच्या विनोदी कार्यक्रमाचे ते बरीच वर्षं संगीत दिग्दर्शक होते. सगळे एकमेकांच्या मागे धावत सुटतात तेव्हा वाजणारी ती सॅक्सोफोनची धून मूळची अमेरिकेच्या बूट्स रँडॉल्फ यांची, पण त्या कार्यक्रमात तिला पळवलं ते ऑल्ड्रिच यांच्या वादकांनी. मोबाइलवर कुणी घसरून पडलं की अजूनही तीच धून लावतात. तुमच्या भावाने ती शंभरदा ऐकली असेल. शेवटी ऑल्ड्रिच त्याच आइल ऑफ मॅन बेटावर राहिले आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी तिथेच वारले.

मी त्यांची दोन पियानोंची एक संपूर्ण बाजू कॅसेटवरून उतरवून काढली होती. डावा पियानो लाल शाईने, उजवा निळ्या शाईने. महिनाभर लागला. उतरवताना जे दिसलं ते सांगते. दोन्ही पियानो एकदम भरगच्च असे जवळजवळ कधीच नव्हते. लाल ओळ सूर घेऊन चालली असेल तर निळी गप्प, आणि लाल ओळ ओळीच्या शेवटी थांबली की नेमकी त्या जागेत निळी दोन-तीन स्वर टाकून बाजूला. जुगलबंदी नव्हे ती, कुणी कुणावर मात करत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात मागे हार्मोनियमवर बसलेला जाणता साथीदार आठवा. गवयाने श्वास घेतला की तेवढ्यात जागा भरतो आणि गवयाने तोंड उघडायच्या आत हात काढतो. इथे गवईही तेच, साथीदारही तेच. स्वतःची साथ करताना कुठे गप्प बसायचं हे आधीच ठरवून वाजवायचं. माझ्या विद्यार्थ्यांना भरपूर वाजवायला शिकवणं सोपं गेलं. गप्प बसायला शिकवायला मला वर्षं लागली.

आपल्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांनी अकॉर्डियनवर हिंदी चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड केल्या. किती लग्नांच्या मांडवांत त्या वाजल्या असतील. शब्द नसताना गाणं ओळखू यावं आणि तरी ते नुसतं नक्कल वाटू नये, हे साधणं किती अवघड असतं हे पेटी शिकणाऱ्या कुणालाही विचारा. त्याला कुणी लिफ्टचं संगीत म्हटलं तर मी भांडेन, आणि ऑल्ड्रिच यांच्यासाठीही तेवढंच भांडेन.

बाबा का ऐकत असतील? मी त्यांना ओळखत नव्हते. पण ड्राफ्ट्समन माणूस, आठवडाभर रेघेला रेघ जुळवणारा. ज्या संगीतात एकही रेघ फुकट नाही, ते त्यांना भावलं असेल एवढं मी खात्रीने म्हणेन. वायर जोडली की दोन स्पीकर सहा फूट अंतरावर ठेवा, स्वतः त्यांच्या समोर मध्यभागी बसा. भावालाही बोलवा. आधी एका स्पीकरची वायर काढून रेकॉर्डची एक बाजू ऐका, मग दुसऱ्याची काढून तीच बाजू ऐका, मग दोन्ही. काय सापडलं ते मला जरूर लिहा.

प्रश्न : मी अकरावीत आहे, एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड वाजवतो. जुन्या जॅझ पियानोत दोन्ही हात एकत्र सरकतात आणि सूर जाड, मखमली येतो, ते कसं करतात? रॉनी ऑल्ड्रिच असंच वाजवायचे का?
– एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : बाळा, तू ऐकलंस ते बहुधा जॉर्ज शिअरिंग यांचं किंवा त्यांच्या वळणाचं. तेही लंडनचे. जन्म १३ ऑगस्ट १९१९, बॅटरसी. वडील कोळसा पोचवायचं काम करत, नऊ भावंडांत हे धाकटे, जन्मापासून दृष्टिहीन. अंध मुलांच्या शाळेत शिकले, १९४७ मध्ये अमेरिकेला गेले आणि १९४९ मध्ये तिथे पाच जणांचा संच केला. १९५२ साली त्यांनी बांधलेली ‘ललबाय ऑफ बर्डलँड’ ही धून आजही जॅझवाले वाजवतात. २००७ मध्ये ‘सर’ झाले, १४ फेब्रुवारी २०११ रोजी न्यूयॉर्कला गेले.

त्या वादनाला ‘लॉक्ड हँड्स’ म्हणतात, हात जणू कुलूपबंद. त्यांच्याआधी मिल्ट बकनर हे अमेरिकन वादक तसं वाजवत. कृती अशी : सूर उजव्या करंगळीत. त्याच्या खाली त्याच सप्तकात कॉर्डचे, म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरगटाचे, तीन स्वर, उजव्याच हातात. डाव्या हाताने तोच सूर बरोबर एक सप्तक खाली. सूर हलला की सगळा गठ्ठा हलतो. शिअरिंग यांची खुबी पुढची आहे. त्यांनी वरचा सूर व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याला दिला, खालचा गिटारला, आणि पियानो मध्ये. तीन वाद्यं मिळून एकच वाद्य वाटतं. ऑल्ड्रिच यांची वाट वेगळी होती. ते सूर मोकळा ठेवून बाजूला जागा सोडत. दोन्ही शीक, पण एकाच वेळी नको.

आधी सा ते सा एकच सरगम अशी गठ्ठ्याने वाजव, फक्त दोन कॉर्ड घेऊन : सा, ग, प, ध यांना सहावा स्वर असलेला मेजर कॉर्ड आणि रे, म, नि यांना डिमिनिश्ड कॉर्ड. पंधरा दिवस तेवढंच. मनगट कडक होऊ देऊ नकोस, दुखलं तर त्या दिवशी थांब.

प्रश्न : जुन्या काळी आपल्याकडे जॅझ पियानो कुणी वाजवत होतं का?
– एक वाचक, कॅम्प

उत्तर : हो. मुंबईच्या ताजमध्ये १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड आला होता. पुढे तिथेच पियानोवर टेडी वेदरफर्ड होते. ते भारतातच राहिले, १९४५ मध्ये कलकत्त्याला कॉलऱ्याने गेले. त्यांच्याकडून आमच्या गोव्याच्या वादकांनी पुष्कळ उचललं आणि ते हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात आणलं. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांबरोबर होते, आणि शंकर-जयकिशन यांची अरेंजमेंट लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा. माझे सरही त्याच पिढीतले गोंयकार. कॅम्पातल्या त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदा जॅझचा कॉर्ड ऐकला आणि घरी आईला सांगितलं की सरांच्या पियानोत एक स्वर जास्त आहे.

प्रश्न : जुन्या रेकॉर्डवर पावसाळ्यात बुरशी आली आहे. ओल्या फडक्याने पुसली तर चालेल का? प्लेअरची पिन जुनी, जाड आहे.
– एक वाचिका, धनकवडी

उत्तर : पिनेचं आधी. जाड पिन मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डची असते, तिच्या टोकाची त्रिज्या साधारण ७५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ७५ हजारांश. स्टिरिओ एलपीला अठराच्या आसपास लागतं. जाड पिन एलपीवर टेकवली तर ती खाचेत उतरत नाही, वरचे काठ खरवडते. ती आधी बदला. रेकॉर्डवर पडणारा पिनेचा भारही दोन ग्रॅमच्या जवळपास हवा.

नळाचं पाणी नको, क्षार बसतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांड्याच्या पातळ साबणाचा एकच थेंब. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. मग साबण जाईपर्यंत नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा. कागदी आतली पिशवी बुरशीची असेल तर फेकून नवी घ्या, नाहीतर आठ दिवसांत परत तेच. रेकॉर्ड उन्हात ठेवू नका, वाकेल. भांड्यांच्या स्टँडमध्ये ताटांसारखी उभी करून सावलीत रात्रभर वाळू द्या आणि सकाळी हात कोरडे करून कडेने उचला.